घरबशांचा खर्च

१५ सप्टेंबर २०२५ जवळ येत होता. आयकराचं रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून तिथवर वाढवलेली होती. पोळा झाला होता, गणपती बसले होते, विसर्जन आटोपलं की सगळ्यांना एकदम आठवणार आणि कन्सल्टंटच्या दुकानासमोर गर्दी होणार होती. म्हणून तेव्हाच लिहायला घेतलं. पोस्ट लांब आहे. ज्यांना दर महिन्याला पगाराची स्लिप मिळते त्यांनी सोडून दिली तरी चालेल. पण वाचलीत तर घरातल्या त्या "काही करत नाही, नुसता लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो" अशा पोराबद्दलचं मत थोडं बदलेल, असं वाटतं.

माझं काम अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं. कामं येतात पुण्या-मुंबईहून, एखादं दिल्लीचं. मी बसतो अमळनेरातच, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. गल्लीतले एक जिभाऊ अजूनही भेटले की विचारतात, "काय भो, नोकरीनं काय झाय?" त्यांना मी दरवेळी वेगळं उत्तर देतो. माझ्यासारखे गावात आता पुष्कळ झालेत. एक मुलगी बंगळुरूच्या कंपनीला कोड लिहून देते. एक जण कारखान्यांसाठी ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढतो. कुणी दुसऱ्यांच्या यूट्यूब चॅनलचे व्हिडिओ एडिट करतो, कुणी ऑनलाइन शिकवण्या घेतो, लग्नाचे फोटो काढणारे तर विचारूच नका. शहरात यांना फ्रीलान्सर म्हणतात. आपल्याकडे घरबशा.

गंमत अशी की हे विप्रोचं गाव. १९४५ साली इथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याची पुढे सॉफ्टवेअर कंपनी झाली. त्या शेअरचा डिव्हिडंड किती आला, बोनस कधी मिळाला, २०२० पासून डिव्हिडंडवरचा टॅक्स आपल्यालाच कसा भरावा लागतो, हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा समजावून सांगणारे सापडतात. पण स्वतः रात्र जागून कमावलेल्या पैशातून खर्च वजा कसा करायचा, हे विचारलं की तेच लोक म्हणतात, "सीएला विचार."

तर आधी पैसे कुठे अडकतात ते बघू. आपण काम करून देतो, कंपनी बिलातून १० टक्के टीडीएस कापते आणि उरलेले खात्यात टाकते. हे १० टक्के पूर्ण बिलावर कापले जातात. त्या कामासाठी तुम्ही काय काय खर्च केला, याच्याशी कापणाऱ्याला काही घेणंदेणं नाही. समजा वर्षभरात ४ लाख २० हजारांची बिलं झाली. ४२ हजार कापले गेले. तुमचा प्रत्यक्ष टॅक्स शून्य असेल तर ते ४२ हजार तुमचेच आहेत, सरकारकडे ठेवायला दिलेले. परत मागायचे तर रिटर्न भरावं लागतं. आणि आपली पोरं रिटर्न भरत नाहीत, कारण "आपलं उत्पन्नच कुठे एवढं?" उत्पन्न कमी आहे म्हणूनच तर पैसे परत मिळणार ना! एका वर्षाचे ४२ हजार म्हणजे एक बऱ्यापैकी लॅपटॉप.

आता दुसरा प्रश्न, जो या वर्षी मला किमान दहा जणांनी विचारला. "बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही म्हणे, मग खर्च मोजायचा कशाला?" पहिली गोष्ट, ती बारा लाखांची सवलत १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईला आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत जे रिटर्न भरायचं होतं ते त्याआधीच्या वर्षाचं, तिथे नव्या पद्धतीत मर्यादा ७ लाखांची होती. दुसरी गोष्ट, ती मर्यादा खर्च वजा जाऊन उरलेल्या उत्पन्नाला आहे, एकूण जमा रकमेला नाही. त्याच वर्षाचं उदाहरण घ्या. जमा ९ लाख. खर्च काहीच दाखवला नाही तर सेससकट ४१ हजार ६०० रुपये टॅक्स. त्याच माणसानं वर्षभराचा खरा खर्च २ लाख १० हजार नीट मांडला तर उत्पन्न ६ लाख ९० हजार, आणि टॅक्स शून्य. माणूस तोच, काम तेच. फरक फक्त कागदाचा.

आणि अजून एक गैरसमज. नवी पद्धत घेतली की सगळ्या वजावटी गेल्या, असं लोक धरून चालतात. गेल्या त्या एलआयसी, पीपीएफ, मेडिक्लेम वगैरेंच्या. कामासाठी केलेला खर्च ही सवलत नव्हेच. तो वजा केल्यावर जे उरतं त्यालाच उत्पन्न म्हणतात. शेतकऱ्याला कुणी विचारतं का, की बियाणं-खताचे पैसे नफ्यातच धरले का म्हणून?

मग कुठला खर्च चालतो? कायद्याची कसोटी एका ओळीची आहे. आयकर कायदा १९६१ मध्ये ती कलम ३७ मध्ये होती. खर्च संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, खासगी नको आणि भांडवली नको. वाचायला सोपं, लावायला अवघड. शांती भूषण हे देशाचे माजी कायदामंत्री, फार मोठे वकील. त्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि सुमारे पावणेदोन लाखांचा तो खर्च वकिलीच्या व्यवसायातून वजा मागितला. म्हणणं असं की हृदय हे माझ्या कामाचं यंत्र आहे, ही यंत्राची दुरुस्ती झाली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयानं नाही म्हटलं. हृदय काय, वकिली करा नाहीतर करू नका, जगायला लागतंच. इंग्लंडात १९८३ साली एका महिला बॅरिस्टरचं असंच झालं. कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च त्यांनी वजा मागितला होता. तिथल्या सर्वोच्च पीठानं सांगितलं की कपडे अंग झाकायला आणि थंडीसाठीही असतात, केवळ धंद्यासाठी नाहीत. मला स्वतःला तो निकाल जरा कडकच वाटतो, पण असो. एवढी मोठी माणसं जिथे अडखळली, तिथे आपण "दिवाळीच्या कपड्यांचं बिल टाकून दे रे फाइलमध्ये" म्हणतो.

माझ्या खोलीत येऊ. लॅपटॉप ६० हजारांचा. तो पूर्ण खर्च त्याच वर्षी टाकता येत नाही, घसारा मिळतो. कॉम्प्युटरला ४० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी २४ हजार. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ३६ हजारांवर ४० टक्के, १४ हजार ४००. आणि दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला असेल तर पहिल्या वर्षी निम्माच, १२ हजार, कारण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला. इंटरनेट, शब्दकोश, सॉफ्टवेअरची वर्गणी, कामासाठी पुण्याला गेलो त्याचं तिकीट, हे सरळ आहे. मोबाइल घरच्यांशी बोलायलाही लागतो, तेव्हा त्यातला कामाचा हिस्साच धरायचा.

खरी अडचण लाइट बिलाची. मीटर वडिलांच्या नावावर. घर वडिलांच्या नावावर. वायफायसुद्धा मोठ्या भावाच्या नावावर, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा मी कॉलेजात होतो. म्हणजे मी वर्षभर वीज जाळतो, इन्व्हर्टरवर बसतो, मे महिन्यात कूलर लावून काम करतो, आणि कागदावर माझा या घराशी काही संबंध नाही! मार्ग असा: चार खोल्यांपैकी एक कामाची, म्हणून वीजबिलाचा चौथा हिस्सा मी दर महिन्याला वडिलांच्या खात्यात पाठवतो, "वीजबिल, कामाची खोली" असं लिहून. खोलीचं भाडंही देता येतं. पण ते खरोखर खात्यातून गेलं पाहिजे, आणि वडिलांनी त्यांच्या उत्पन्नात दाखवलं पाहिजे. पहिल्या महिन्यात पैसे आले तेव्हा वडील जेवले नाहीत नीट. "बापाला भाडं देतो का आता?" दोन दिवस समजावण्यात गेले. आईला मात्र लगेच पटलं. "म्हणजे सरकारला सांगायचं का, की पोरगा घरी बसून काम करतो?" बरोब्बर तेच, आई.

घरातल्यांना पटतं. दुकानदाराला पटवणं कठीण. आपल्याकडे कुठलीही वस्तू घ्या, समोरून पहिला प्रश्न, "बिल पक्कं का कच्चं?" सहा हजारांची खुर्ची पक्क्या बिलात सात हजार ऐंशी. तुम्ही जीएसटीत नोंदणी केलेले नसाल, आणि २० लाखांच्या आत जमा असेल तर बहुतेक नसताच, तर ते १ हजार ८० रुपये परत मिळत नाहीत. एका दुकानात मी पक्कं बिल मागितलं तर मालकानं वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही आयकरवाले का?" बिल मागणारा गिऱ्हाईक म्हणजे सरकारी माणूसच असणार. खरं सांगायचं तर ज्याचा टॅक्स तसाही शून्य होणार आहे, त्यानं हजार रुपये जास्त का द्यावेत, याचं मला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. वॉरंटी मिळते, एवढंच सांगतो. आणि फोनपेचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले एवढं त्यातून दिसतं, कशासाठी गेले ते दिसत नाही. हां, रोखीनं एका दिवसात एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त दिलेत तर तो खर्च धरलाच जात नाही, हेही लक्षात ठेवा.

नियम तरी किती जुन्या जगातले! डॉक्टर, वकील, इंजिनिअर वगैरेंनी कोणती वह्या-पुस्तकं ठेवायची ते सांगणारा १९६१ च्या कायद्याखालचा नियम ६ एफ होता. त्यात २५ रुपयांवरच्या बिलांच्या कार्बन कॉप्या ठेवा असं लिहिलं होतं. कार्बन कॉपी! आणि खर्चाचं बिल मिळालं नाही तर स्वतः सही करून व्हाउचर करता येत होतं, पण ५० रुपयांपर्यंतच. आज ५० रुपयांत स्टेशनवरून घरी यायची रिक्षा भागते का बघा.

या कटकटीतून सुटका म्हणून २०१६ च्या अर्थसंकल्पात कलम ४४ एडीए आलं. ठरावीक व्यवसाय असतील तर एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा. बाकी निम्मा खर्च झाला असं सरकार मानून घेतं. वह्या नाहीत, पावत्या नाहीत. मर्यादा ५० लाख, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आपल्या गल्लीतल्या कोड लिहिणाऱ्या मुलीला हे लागू आहे. ड्रॉइंगवाला पोरगा इंजिनिअर आहे, त्यालाही.

मला नाही. आणि माझी तक्रार आहे ती इथे. त्या यादीत वकील, डॉक्टर, इंजिनिअर, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावट करणारे आहेत. सिनेमाचे कलावंत १९७७ मध्ये आले, माहिती तंत्रज्ञान २००१ मध्ये. सिनेमाच्या कलावंतांत कथा, पटकथा, संवाद आणि गाणी लिहिणारेही येतात. म्हणजे सिनेमाचे संवाद लिहिणारा बसतो, पण तीनशे पानांचं पुस्तक मराठीत आणणारा अनुवादक बसत नाही. शिकवण्या घेणारा नाही, मुद्रितशोधक नाही. २०२५ मध्ये रिटर्नच्या व्यवसायांच्या यादीत सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी स्वतंत्र कोड आला. आनंद आहे. पण आपल्या गावात १९५२ मध्ये साहित्य संमेलन झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं झालं. त्या तीन दिवसांत मांडवात जी हजारो पुस्तकं मांडली होती ती कुणीतरी तपासली होती, कुणीतरी अनुवादली होती, कुणीतरी त्यांची मुखपृष्ठं केली होती. त्या कुणातरींसाठी आयकराच्या यादीत ओळ नाही. लेखकांना रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट आहे, तीही जुन्या पद्धतीत. मराठी लेखकाला ३ लाख रॉयल्टी! ३ हजार मिळाले तरी तो पेढे वाटेल.

काही कन्सल्टंट सांगतात, "टाका ना भाऊ तांत्रिक सल्लागार म्हणून, कोण बघतंय." मी नाही टाकत. अनुवाद म्हणजे तांत्रिक सल्ला नव्हे, आणि नोटीस आली तर उत्तर मला द्यायचंय, त्यांना नाही. मी आयटीआर-३ भरतो, जमा-खर्च लिहितो, बिलं चिकटवतो.

फोटोग्राफर मित्राचं तर अजून मजेशीर. त्याचं काम "व्यवसाय" की "धंदा", यावर सीए लोकांतच एकमत नाही. धंदा मानला तर १९६१ च्या कायद्याचं कलम ४४ एडी. तिथे ऑनलाइन आलेल्या जमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के उत्पन्न दाखवलं तरी चालतं. दहा लाख फोनपेवर आले तर उत्पन्न ६० हजार! त्याच दहा लाखांवर ड्रॉइंगवाल्याला किमान पाच लाख दाखवावे लागतात. आणि मी दोन्हीकडे नाही, मी पावत्या मोजतो. एकाच गल्लीतले तीन घरबशे आणि तीन कायदे.

याउलट पगारदारांकडे बघा. नोकरीसाठी खर्च होतो म्हणून त्यांना प्रमाणित वजावट मिळते. २०१८ मध्ये ४० हजार होती, मग ५० झाली, आता नव्या पद्धतीत ७५ हजार. एकही पावती द्यावी लागत नाही. मी पगारदारांच्या विरोधात नाही, माझ्या घरात तीन शिक्षक आहेत. पण ज्याला खुर्ची, पंखा, कॉम्प्युटर सगळं संस्था देते त्याला ७५ हजार न विचारता, आणि जो हे सगळं स्वतःच्या खिशातून आणतो त्यानं प्रत्येक चिठ्ठी जपायची, हा हिशेब कुणी लावला?

या अवघडपणाचा फायदा घेणारे आहेतच. "टीडीएस पूर्ण परत, आमचं कमिशन इतके टक्के." ते काय करतात? न दिलेली राजकीय पक्षाची देणगी दाखवतात, नसलेलं घरभाडं, नसलेलं शैक्षणिक कर्ज. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं अशा बोगस वजावटींविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी तपासणी सुरू केली, त्यात महाराष्ट्र आहे. रिटर्नवर सही तुमची असते. कमिशनवाल्याचा मोबाइल नंबर पुढच्या वर्षी बंद लागतो. आणि ज्याचा खरा खर्चच दीड-दोन लाखांचा आहे त्यानं खोट्या देणगीच्या वाटेला जायचं कारण काय? कारण एकच, खरा खर्च कधी लिहून ठेवला नाही.

उलटी बाजूही सांगतो. खर्च जितका जास्त दाखवाल तितकं उत्पन्न कमी दिसतं, आणि बँक उत्पन्न बघते. एका मित्राची वर्षाची जमा ८ लाख. ४४ एडीएखाली त्यानं ४ लाख उत्पन्न दाखवलं, अगदी कायद्याप्रमाणे. घरासाठी कर्ज मागायला गेला तर बँकेनं चारच लाख धरले आणि हप्ता बसेना. मॅनेजर म्हणाले, "दोन वर्षं जास्त दाखवून या." म्हणून घर बांधायचं मनात असेल तर दोन-तीन वर्षं आधीच सीएशी बोला. मुलीकडचेही हल्ली तीन वर्षांचे रिटर्न मागतात, ते वेगळंच.

२१ ऑगस्ट २०२५ ला नव्या आयकर कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. १९६१ चा कायदा जाऊन तो लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी केली आहे म्हणतात. सही झाली तेव्हा व्यवसायांच्या यादीत अनुवादक, शिकवणी घेणारे, छायाचित्रकार नव्हतेच. पण नवा व्यवसाय अधिसूचनेनं वाढवायचा अधिकार केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला आजही आहे. माहिती तंत्रज्ञान तसंच आलं होतं, त्यासाठी संसदेत कायदा बदलावा लागला नव्हता. मी मंडळाला पत्र लिहिलंय, मराठीत, आणि सोबत इंग्रजी अनुवाद जोडलाय (त्याचं बिल कुणाला लावू?). मागण्या दोनच. यादी वाढवा, आणि ज्यांची जमा दहा लाखांच्या आत आहे त्यांना पगारदारांइतकी ७५ हजारांची वजावट पावतीशिवाय द्या. पत्राचा मसुदा ज्यांना हवा त्यांना पाठवतो. आपापल्या नावानं, आपापल्या कामाचा उल्लेख करून पाठवा. खासदार-आमदारांना देऊन फोटो काढण्यापेक्षा पोस्टानं पाठवा, पोच घ्या.

तोवर एवढं करा. आयकराच्या पोर्टलवर स्वतःच्या पॅननं लॉग इन करून २६ एएस बघा. कुणी किती टीडीएस कापला ते तिथे ओळीनं दिसतं. कापला पण तिथे दिसत नसेल तर त्या कंपनीला आजच मेल करा. मी बघितलं तेव्हा एका गिऱ्हाइकानं मार्चचे साडेतीन हजार कापून भरलेच नव्हते. तीन मेल आणि दोन फोननंतर भरले. फोटोग्राफर मित्राचं मात्र अजून ठरत नाहीये, तो धंद्यात की व्यवसायात. त्याचे सीए सोमवारी भेटणार आहेत, मीही जाणार आहे सोबत. काय ठरतं ते लिहितो.